आधी मेंढी, मग दरी

११ फेब्रुवारी २००१, रविवार

नवी वही. जुनी संपली नव्हती, पण तिच्यात फार खाडाखोड होती, आणि खाडाखोडीतून थोर ग्रंथ निघत नाहीत.

संकल्प: पहाटे सहाला उठणे. रोज पाचशे शब्द. पाइप बंद. एडविनशी वाद बंद. वाद बरोबरीच्या माणसाशी घालावा, मेव्हण्याशी नव्हे.

उठलो पावणेनऊला. रविवार धरत नाही.

ग्रंथाचं नाव पक्कं केलं: 'स्वेलडेल: एका नावाचा उगम'. अख्खी नोकरी डार्लिंग्टनच्या बस कंपनीत वेळापत्रकं बनवण्यात गेली. कुठली बस कुठून निघाली हे ज्याला कळतं, त्याला शब्द कुठून निघाला हे कळायला काय अडचण आहे?

लोक समजतात ते असं: नदी स्वेल, म्हणून दरी स्वेलडेल, आणि दरीवरून मेंढी स्वेलडेल. सोपं आहे. म्हणूनच चूक आहे. माझी थिअरी उलटी. आधी मेंढी, मग दरी. हजार वर्षांपूर्वी स्वाली नावाचा एक सरदार समुद्रापलीकडून काळ्या तोंडाची, वळलेल्या शिंगांची मेंढरं घेऊन इथे उतरला. ती स्वालीची मेंढरं. ती चरायची ती स्वालीची दरी. आणि खालून वाहणारी नदी शेवटी, उरलंसुरलं नाव घेऊन.

पुरावा तेवढा मिळायचा आहे.

१२ फेब्रुवारी

उठलो साडेआठला. शब्द चाळीस. त्यात शीर्षक धरलं आहे.

१८ फेब्रुवारी, रविवार

दुपारी वर शेतावर जेवायला. ऑड्रीनं बीफ भाजलं होतं. बहीण म्हणून तिच्यात दोष पुष्कळ आहेत, पण रस्सा उत्तम करते. एडविन पूर्ण जेवण होईपर्यंत तीन वाक्यं बोलला. त्यातली दोन कुत्र्याशी. तिसरं माझ्याशी: 'काय टाइमटेबल, तुझा सरदार किती वाजता पोचतोय?'

तो मला टाइमटेबल म्हणतो. नऊ वर्षं म्हणतोय. डोरीन थोड्या दिवसांसाठी स्कारबरोला आपल्या बहिणीकडे गेली तेव्हा पांदणीच्या तोंडाशी असलेली ही कॉटेज त्यानंच मला राहायला दिली. तेव्हापासून हेच नाव. डोरीन अजून तिथेच आहे.

ऑड्रीनं डॉ. इनग्रमलाही बोलावलं होतं. लीड्सला प्रोफेसर होती, गावांची नावं हाच विषय, आता निवृत्त होऊन आमच्या गावात राहते. मी थिअरी सांगितली. तिनं पूर्ण ऐकून घेतली, हे मान्य करतो. मग म्हणाली, 'मिस्टर स्पेन्सली, मेंढीला हे नाव एका मीटिंगमध्ये दिलं. जेमतेम ऐंशी वर्षं झाली असतील. नदीचं नाव तेराशे वर्षांपूर्वी एका साधूनं लिहून ठेवलंय. तुमच्या सरदाराला फारच उशीर झाला.'

एडविन हसला. एडविन हसला की त्याच्या खांद्यांवरूनच कळतं.

स्वेलचा अर्थ ती सांगते तो असा: उसळत, घुसळत, आवाज करत धावणारं पाणी. मी म्हटलं, मॅडम, माझ्या खिडकीपासून नदी दोन शेतं खाली आहे, आणि नऊ वर्षांत मला तिचा आवाज एकदाही ऐकू आलेला नाही. ऐकू येतं ते मेंढ्यांचं ओरडणं. दिवसरात्र. मग दरीला नाव कुणाचं पडेल? ऐकू येणाऱ्याचं की न येणाऱ्याचं?

ती म्हणाली की हा मुद्दा तिनं कधी ऐकला नव्हता. म्हणजे बिनतोड.

एडविन चौथं वाक्य बोलला: 'मेंढीलाच विचार. पण तिला कुठल्याही नावानं हाक मार, ती येत नाही.'

पण जाता जाता कामाचं बोलून गेला. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, हॉर्नरच्या जुन्या मेंढवाड्याच्या भिंतीत एक दगड आहे. त्यावर काहीतरी कोरलंय. त्याच्या आजोबांनी दाखवला होता.

काहीतरी कोरलंय!

२४ फेब्रुवारी

दक्षिणेत कुठेतरी जनावरांना लाळ्या-खुरकूत. रेडिओवर दुसरं काही नाही. एडविननं सदुसष्टची साथ पाहिली आहे. ती इथपर्यंत आली नव्हती, तरी तो त्या वर्षाबद्दल बोलत नाही. आज दिवसभर शेताच्या दगडी गडग्याचे पडलेले दगड चढवत होता. पाऊस असताना.

मी शब्द लिहिले शून्य. पावसात मन लागत नाही. पाइप एकदाच.

३ मार्च

सगळ्या पायवाटा बंद. फाटकाफाटकाला लाल अक्षरांच्या पाट्या. एडविननं पांदणीच्या तोंडाशी, माझ्या कॉटेजच्या जरा वर, पेंढ्याची जाड गादी पसरली आणि ती जंतुनाशकानं भिजवली. त्या वासानं डोकं उठलं. म्हणाला, 'आजपासून आम्ही खाली येणार नाही, तू वर यायचं नाहीस. कोणीच नाही. पाव-दूध गडग्यावर ठेवून जा, तू गेलास की ऑड्री घेऊन जाईल.'

मी म्हटलं, इतका बाऊ कशाला? तर मला चक्क समजावून सांगायला लागला, जणू मी परवा डार्लिंग्टनहून आलो. वरच्या माळावर कुंपण नाही. कुठल्या कळपाची हद्द कुठवर, हे फक्त मेंढ्यांना माहीत. आईनं कोकराला दाखवलेलं, तिला तिच्या आईनं. त्याच्या पणजोबांपासून हाच कळप, हाच माळ. 'मेंढ्या विकत मिळतात,' म्हणाला, 'ते विकत मिळत नाही.'

एडविनच्या तोंडून एवढं लांब बोलणं मी ऐकलं नव्हतं. मलाही काही बोलावंसं वाटलं, पण थंडी फार होती.

माझ्यावर जबाबदारी आली आहे. बाहेरच्या जगाशी दुवा मीच. संकल्प: जबाबदारीनं वागणे.

८ मार्च

गावच्या हॉलमध्ये शरद ऋतूत व्याख्यानं असतात. डॉ. इनग्रम 'आपल्या नद्यांची नावं' यावर बोलणार असं कळलं. म्हणजे माझ्या दरीत, माझ्या नाकावर टिच्चून. दगड पाहायलाच हवा.

पायवाटा बंद आहेत, पण त्या फिरायला येणाऱ्यांसाठी. शहरी माणसं, रंगीत जॅकेटं, सँडविचचे कागद. संशोधकाबद्दल पाटीवर एक अक्षर नाही. नीट वाचली.

१२ मार्च

मोठा दिवस. सकाळी पाव गडग्यावर ठेवून पाटीला वळसा घातला आणि वरच्या अंगानं माळावर निघालो. एडविनच्या शेतात पाऊल टाकलं नाही, हे इथे मुद्दाम नोंदवतो. नियम म्हणजे नियम.

वर चिटपाखरू नाही. गडग्यांच्या सावलीत बर्फ. लाल लोकरीची टोपी घातली होती, डोरीननं विणलेली. पलीकडच्या उतारावर हॉर्नरचं शेत. मेंढ्यांची अवस्था वाईट. तीनचार लंगडत होत्या, एक गुडघ्यांवर बसून चरत होती, दोघींच्या तोंडाला फेस. आळशी माणूस. खुरं कापायला नकोत?

मेंढवाडा सापडला. दगड सापडला. त्यावर स्पष्ट, खोल, दोन अक्षरं: एस आणि व्ही. स्वाली! कागद लावून, पेन्सिल घासून ठसा घेतला.

परतताना वाटेत हॉर्नरची एक गाभण मेंढी उलथी पडलेली, पाय वर. मेंढी उलथी पडली आणि कुणी उभी केली नाही तर तशीच मरते. म्हणून या दरीत रीतच आहे: दिसली की उभी करायची. कुणाची का असेना. ज्याच्याशी कोर्टात भांडतोय त्याचीही करायची. मी लगेच खांद्याला धरून पालथी केली, आणि पायांत जीव येईपर्यंत गुडघ्यांच्या बेचक्यात दाबून धरली. तिनं माझा कोट लाळेनं भिजवला. कृतज्ञता म्हणायची.

विज्ञान आणि माणुसकी एकाच दिवशी. थकलो. कोट खुंटीला टांगला. धुवायला हवा. उद्या.

१३ मार्च

उशिरा उठलो, पण कालच्या कामगिरीनंतर हक्क आहे.

दूध ठेवायला गेलो तर गडग्यापलीकडे, एडविनच्या खालच्या शेतात, एक मेंढी उलथी. मोडक्या शिंगाची म्हातारी. मी तिला ओळखतो, पहाटे माझ्या खिडकीखाली ओरडते ती. एडविनला हाका मारल्या. तो वर कुठेतरी. पेंढ्याची गादी मध्ये. मनाची चलबिचल झाली, पण मग म्हटलं, नियम मोठा की रीत? गडगा चढून गेलो, उभी केली, गुडघ्यांत धरली. पोटातली कोकरं हलताना मांडीला कळत होती. जुळी असणार.

वर खिडकीतून ऑड्रीनं पाहिलं. हातातलं फडकं हलवलं. संध्याकाळी गडग्यावर माझ्यासाठी आल्याचा केक. सोबत निरोप, एडविनचा: 'टाइमटेबल, तू आता थोडा थोडा इथला वाटायला लागलास.'

खरं तर मी इथलाच. पण भावना पोचली.

१६ मार्च

रेडिओवर सांगितलं. हॉर्नरच्या शेतात लाळ्या-खुरकूत. रोग पसरू नये म्हणून आजच सगळी जनावरं मारणार.

बरं झालं तिथे मला कुणी पाहिलं नाही. उगाच गैरसमज झाला असता. तसं पाहता मी हॉर्नरच्या शेतावर गेलोच नव्हतो. मी दगडाकडे गेलो होतो. शेत वाटेत होतं.

कोट धुतला. दोनदा.

१७ मार्च

ऑड्रीला सांगावं का, यावर दिवसभर विचार केला. सांगून काय होणार? ती घाबरेल. एडविन रात्ररात्र जागेल. आजारी माणसाला डॉक्टरसुद्धा सगळं सांगत नाहीत. दोघांच्या मनःशांतीसाठी हे ओझं एकट्यानं वाहायचं ठरवलं.

पाइप चार वेळा. परिस्थिती अपवादात्मक आहे.

१९ मार्च

शेती खात्यातून फोन. एक बाई. गेल्या पंधरवड्यात डोंगराच्या वर किंवा पलीकडे जाणं झालं का? मी म्हटलं, मॅडम, मी ग्रंथ लिहितोय, घरातून हलत नाही. वाक्य म्हणून ते सर्वसाधारणपणे खरंच आहे.

२३ मार्च

मोडक्या शिंगाची म्हातारी लंगडते. पाव ठेवताना पाहिलं. एडविन शेतात तिच्याशेजारी उकिडवा बसला होता, तिचं तोंड उघडून आत बघत. मला पाहिलं. हात केला नाही. बराच वेळ तसाच बसून राहिला. मग उठून घरात गेला. फोन करायला असणार.

म्हातारी झाली की मेंढ्या लंगडतातच.

२४ मार्च

जनावरांचा सरकारी डॉक्टर आला. पांढरा झगा. परत जाताना गाडीची चाकं पंधरा मिनिटं धूत होता.

२६ मार्च

सगळी मारायची. खालची आणि माळावरचीही.

माळावरची खाली आणायला माणसं पाठवणार होते. एडविन नको म्हणाला. अनोळखी माणसांना पाहून मेंढ्या उधळतील, दहा दिशांना पळतील, गाभण आहेत. 'मी आणतो. माझ्यामागून येतात.' गेला, कुत्र्याला घेऊन. माझ्या खिडकीतून दिसत होतं. सगळा कळप एका ओळीत, माळावरून उतरत, त्याच्या मागोमाग. एकही फुटली नाही. कोकरं होण्याआधी दर वर्षी आणतो, तश्शीच आली. त्यांना वाटलं असेल तेच.

दुपारपासून बंदुकांचे आवाज. लहान, कोरडे. मी रेडिओ लावला, पण रेडिओवरही तेच.

आज काही लिहून झालं नाही. गोंगाट.

२९ मार्च

जाळताहेत. रेल्वेचे जुने स्लीपर आणि कोळसा. धूर थेट माझ्याकडे. वाळत घातलेले कपडे परत धुवावे लागले. एडविनची चिता आणि माझे शर्ट.

पाव ठेवायला गेलो. ऑड्री गडग्यापाशी उभी होती, पहिल्यांदाच, मी जायची वाट न बघता. चेहरा कसा होता ते लिहीत नाही. म्हणाली, एडविननं शेवटच्या मेंढीपर्यंत प्रत्येकीला स्वतः धरलं. डॉक्टर म्हणाला की तुम्ही आत जा. हा म्हणाला, परक्याच्या हातात दिली तर घाबरेल. जिच्या पोटातली कोकरं हलत होती तिलाही.

मी सांत्वन केलं. म्हटलं, रोग वाऱ्यानं येतो. शास्त्रीय मत आहे. कावळ्यांनीही येतो. आणि चाऱ्याच्या ट्रकवर एडविननं पुरेसं लक्ष दिलं होतं का, हेही बघायला हवं.

तिनं पाव उचलला आणि वर निघून गेली. केक नव्हता. अपेक्षाही नव्हती.

२० एप्रिल

कोकरांचे दिवस. कोकरं नाहीत.

पहाटे चारला जाग आली. आवाजामुळे नाही, आवाज नसल्यामुळे. नऊ वर्षं ज्याची तक्रार करत होतो ते ओरडणं नाही. आता लिखाणाला वेग येईल. संकल्प: रोज आठशे शब्द.

दरीत खालून एक सारखा घोगरा आवाज येतो. वारा असावा.

५ मे

वारा नाही. नदी आहे.

१९ मे

एडविन रोज फाटकावर कोपर टेकून माळाकडे बघत उभा राहतो. आता वर जायला बंदी नाही, म्हणून भेटायला गेलो. म्हटलं, भरपाई मिळतेच आहे, नवीन मेंढ्या घे. म्हणाला, 'आणून सोडतो. संध्याकाळपर्यंत पलीकडच्या तालुक्यात असतील. त्यांना काय माहीत हा माळ कुणाचा?' पाच-सात वर्षं कुणीतरी दिवसभर त्यांच्याबरोबर माळावर राहायचं, परत वळवायचं, परत वळवायचं, मग त्यांच्या कोकरांना कुठे थोडं कळायला लागेल. 'मी एकसष्ट वर्षांचा आहे.'

मी सुचवलं, कुंपण घाल.

तो आत निघून गेला. व्यावहारिक सूचना लोकांना आवडत नाहीत.

१० जून

ऑड्री आली. चहा ठेवला. तिनं हात लावला नाही. म्हणाली, हॉर्नरच्या बातमीच्या आधी, सोमवारी, ती बेडरूमच्या खिडकीत उभी होती. माळावरून कुणीतरी उतरत होतं. लाल टोपी.

मी म्हटलं, कुणी फिरायला आलेला असेल.

'तेव्हा कुणी फिरत नव्हतं, नॉर्मन. आणि दरीत लाल टोपी एकच आहे. डोरीननं विणताना लोकर मीच दिली होती.'

मी विषय बदलला. हवामान. तिनं बदलू दिला नाही. शांतपणे बोलत होती, त्यामुळे मध्ये तोंड घालता येत नव्हतं. म्हणाली, 'मी एडविनला सांगितलेलं नाही. खात्यालाही नाही. सांगणार पण नाही. तो आत्ता एवढ्यावर उभा आहे की हे आपलं नशीब, कुणाचा दोष नाही. त्याला कळलं की त्या म्हातारीला तू हात लावलास आणि मी वर उभी राहून फडकं हलवत होते, तर तो राहणार नाही रे. तेवढं कर माझ्यासाठी. ती टोपी जाळ आणि तोंड बंद ठेव. आयुष्यात एकदा, एवढं तोंड बंद ठेव.'

मी वचन दिलं. मुळात सांगण्यासारखं काही नाहीच, पण वचन दिलं. बहीण आहे.

टोपी जाळली नाही. चांगली लोकर आहे. ट्रंकेत ठेवली.

२ ऑगस्ट

विजय! डॉ. इनग्रमनं ऑक्टोबरचं आपलं व्याख्यान मला देऊ केलं. म्हणाली, तिच्यानं बोलणं होणार नाही, या वर्षी दरीतल्या कुणाला तिच्याकडून नद्यांबद्दल ऐकायचं नसेल. त्यांच्यातल्याच माणसानं बोलावं. मी ठसा दाखवला. तिनं चष्मा लावून पाहिला. म्हणाली, अशी अक्षरं डोंगरभर आहेत, शिकारीच्या हद्दीची, जमीनदारांची आद्याक्षरं. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीची. 'पण ठसा फार स्वच्छ घेतलाय.'

मत्सर. जमीनदारांनी जुन्याच अक्षरांवर पुन्हा छिन्नी मारली नसेल कशावरून?

१४ सप्टेंबर

शब्द: एकूण सहाशे बारा. पण मुरलेले.

नदी रात्रंदिवस. कापसाचे बोळे कानात. मग स्वतःच्या रक्ताचा आवाज ऐकू येतो, तोही तसाच.

११ ऑक्टोबर

उद्या व्याख्यान. ऑड्रीला निमंत्रण दिलं. म्हणाली, येईन. एडविनही येईल. मार्चनंतर तो कुठेच गेलेला नाही, लोकांत बसला तर बरं वाटेल त्याला. फाटकापर्यंत सोडायला आली, आणि माझ्या कोटाचं बटण धरून म्हणाली, 'फक्त सरदाराबद्दल बोल हं, नॉर्मन. सरदारच. बाकी काही नाही.'

अर्थातच. मला काय कळत नाही?

१३ ऑक्टोबर

काल व्याख्यान झालं. सविस्तर लिहितो, पुढे संदर्भासाठी लागेल.

उपस्थिती भरपूर, पंचवीसेक. बहुतेक शेतकरी. बहुतेकांची शेतं रिकामी. एडविन मागच्या रांगेत, रविवारचा सूट, शेजारी ऑड्री. चहाचा मोठा बंब सुरू होता. त्याचा आवाज नदीसारखा. तो बंद करायला लावला.

थिअरी मांडली. सरदार, मेंढरं, दरी. ठसा टाचण्यांनी फळ्यावर लावला होता. लोक ऐकत होते, पण थंडपणे. काही जण जमिनीकडे बघत होते. जिथे हशा यायला हवा तिथे आला नाही. मेंढरांचा उल्लेख आला की पुढच्या रांगेतला एक म्हातारा डोळे मिटायचा. मला वाटलं, व्याख्यान हातातून जातंय.

शेवटी डॉ. इनग्रमनं हात वर केला. भल्या मनानं विचारलं, मानतो. म्हणाली, 'मिस्टर स्पेन्सली, तो दगड तुम्ही स्वतः पाहिलात की कुणी ठसा आणून दिला?'

स्वतः! हा प्रश्न मी कसा सोडू? कोणी आणून दिला म्हणे! म्हटलं, मॅडम, संशोधक खुर्चीत बसत नाही. आणि सांगितलं. कसा एकटा निघालो. माळावर एकही माणूस नाही, गडग्यांच्या सावलीत बर्फ, सगळ्या पाट्या लाल. हॉल एकदम शांत. लोक आता खरोखर ऐकत होते, एकूण एक. त्या शांततेनं मला बळ आलं. मग माणुसकीचाही भाग सांगितला, कारण पुराव्याला माणूस जोडला की तो जिवंत होतो: परतताना उलथी पडलेली मेंढी, तिला कसं उभं केलं, गुडघ्यांत कसं धरलं, ही आपल्या दरीची रीत, आणि रीत पाळणाराच दरीचं नाव सांगू शकतो.

टाळ्या इथे यायला हव्या होत्या.

ऑड्रीचे डोळे मिटलेले. दमते हल्ली.

एडविन उभा राहिला. सावकाश. म्हणाला, 'नॉर्मन, हॉर्नरची होती का ती मेंढी?'

नऊ वर्षांत पहिल्यांदा मला नावानं हाक मारली. मी भारावून गेलो. म्हटलं, हो, हॉर्नरची! आणि दुसऱ्याच दिवशी तुझी म्हातारी, मोडक्या शिंगाची. ऑड्रीनं पाहिलंय.

तो ऑड्रीकडे वळला. नुसतं बघत राहिला. मग आपली खुर्ची मिटली, भिंतीला लावली, जशी आमच्या हॉलमध्ये प्रत्येकजण जाताना लावतो, आणि बाहेर गेला. मग दुसऱ्यानं मिटली. मग तिसऱ्यानं. एकेक. खुर्च्यांच्या कड्या वाजण्यापलीकडे आवाज नाही. शेवटी ऑड्री एकटी बसलेली राहिली. मी उतरून तिच्याकडे गेलो, कसं झालं विचारायला. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्ची न मिटताच गेली.

प्रश्न फारसे आले नाहीत. म्हणजे पटलं.

चहा कुणी घेतला नाही. बंब मी रिकामा केला.

१५ ऑक्टोबर

रविवारच्या जेवणाचं काल वरून बोलावणं आलं नाही. बहुधा विसरली. आज दुपारी वर पाहिलं: गाडी नाही. धुराड्यातून धूर नाही. कुत्र्याचा आवाज नाही. गावात दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाली की पाव संपलाय. तिच्या मागे फळीवर दिसत होता.

१७ ऑक्टोबर

डॉ. इनग्रम फाटकापर्यंत आली, आत आली नाही. म्हणाली, ऑड्री तिच्याकडे राहते आहे. एडविन कुठे गेला ते ऑड्रीलाही माहीत नाही. कुत्र्याला घेऊन गेला, एवढंच. मी विचारलं, व्याख्यानाबद्दल तुमचं मत? ती म्हणाली, 'तो प्रश्न मी विचारायला नको होता. हे मला आता जन्मभर पुरेल.' आणि गेली.

तिला हार मान्य झालेली दिसते. तसं मोकळेपणानं म्हणायला हवं होतं.

१८ ऑक्टोबर

सकाळी दार उघडलं. माझ्या फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला, आडव्या रुंदीभर पेंढ्याची जाड गादी. भिजवलेली. आता दरीत अशी गादी कुठेच उरलेली नाही. सगळ्या उन्हाळ्यातच उचलल्या. कुणाची तरी राहून गेली असेल असं आधी वाटलं. पण पेंढा ताजा होता. वास तोच.

पाट्यांवर कसं करायचं ते लिहिलेलं असायचं, ते मला पाठ आहे. दोन्ही बूट दाबून भिजवले. टाचा, तळवे, कडा. बराच वेळ. मग लक्षात आलं, मला कुठे जायचं होतं ते ठरलेलंच नव्हतं.

परत आत आलो.

थिअरीत एक लहानशी दुरुस्ती करावी लागेल. स्वेल म्हणजे उसळत, घुसळत धावणारं पाणी, हा अर्थ अगदीच टाकाऊ नाही. खिडकी लावली. दुसरीही लावली. पडदे ओढले.

तरी ऐकू येतं.